मोटराइज्ड म्हणून विकलेले सोलेनॉइड व्हॉल्व्ह

पाचगणीच्या आमच्या जुन्या घरात पावसाळा संपला तरी भिंतींतली ओल जात नाही, आणि सासूबाईंना संधिवात असल्यामुळे गेल्या वर्षी आम्ही गॅसच्या बॉयलरवर पाणी तापवून ते खोल्यांतील रेडिएटरमधून फिरवण्याची व्यवस्था करून घेतली. काम साताऱ्याच्या एका कंत्राटदाराला दिले. तळमजला, माडी आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी अशा तीन वाटांसाठी ‘मोटराइज्ड व्हॉल्व्ह, प्रत्येकी ९,५०० रुपये’ असे त्याच्या अंदाजपत्रकात स्पष्ट होते. बिलावर मात्र नुसते ‘इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह, ३ नग’ आले, आणि मी ते न वाचताच पैसे चुकते केले.

माडीवरचे रेडिएटर कोमटच राहत आणि गॅसचा सिलिंडर नऊ दिवसांत संपे. कंत्राटदार दोनदा येऊन ‘पाइपात हवा अडकली आहे’ असे सांगून हवा काढून गेला. अखेर साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणाऱ्या भाच्याने व्हॉल्व्हवरचे झाकण उघडले. आत मोटर नव्हतीच. होती ती तांब्याच्या तारेची कॉइल. बाहेरचे चकचकीत स्टिकर त्याने नखाने खरवडले, तेव्हा खालच्या मूळ पट्टीवर किमान दाब ०.५ बार असल्याची नोंद निघाली.

ही नोंद महत्त्वाची का, ते मला त्यानंतर समजले. अशा सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे मोटरऐवजी कॉइलच्या चुंबकावर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, रबरी पडदा पाण्याच्याच दाबाच्या फरकावर उचलला जातो. नळाच्या किंवा ठिबकच्या पाण्याला तेवढा जोर असतो. पण बंद वाटेत पाणी फिरवणारा घरगुती पंप जेमतेम पाच-सहा मीटर हेड (पाणी तेवढे उंच चढवण्याइतका जोर, म्हणजे साधारण अर्धा बार) देतो आणि त्यातले बरेचसे पाइप व रेडिएटरमध्येच खर्ची पडते, त्यामुळे पडदा अर्धवट उघडतो. खऱ्या मोटराइज्ड व्हॉल्व्हमध्ये छोटी मोटर काही सेकंद घुरघुरत आतील गोळा किंवा झडप फिरवते, वीज गेली की स्प्रिंग ती मागे आणते, आणि झडप पूर्ण उघडल्यावर आतला मायक्रोस्विच बॉयलर व पंपाला चालू होण्याचा संकेत देतो. आमच्याकडे तो स्विचच नसल्याने कंत्राटदाराने बॉयलर थेट जोडला होता. तिन्ही वाटा बंद असतानाही गॅस जळत होता.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, काम एकच की, पाणी सोडायचं आणि अडवायचं.’ बाजारात त्या वस्तूची किंमत १,४०० रुपये निघाली.

कोणी असे काम करून घेत असेल, तर व्हॉल्व्ह पाइपात बसवण्याआधी टेबलावर ठेवून त्याला वीज द्यायला लावावी. मोटरची घुरघुर न होता नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर तो सोलेनॉइड समजावा. स्प्रिंगच्या मोटराइज्ड व्हॉल्व्हला सहसा हाताने उघडण्याचा खटका असतो आणि स्विचच्या दोन जादा तारा धरून पाच तारा निघतात. मॉडेल क्रमांक अंदाजपत्रकात आणि बिलात एकच आहे ना, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिन्ही व्हॉल्व्ह, खरवडलेल्या स्टिकरांसह, पुरावा म्हणून कपाटात ठेवले आहेत. प्रकरण चालू असल्याने कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही.