दीड लाखांपैकी ६१ हजार : जुन्या निकॉन डी७२०० चा अनुभव

मुलीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत प्रवेश मिळाला आणि तिला स्वतःच्या कॅमेऱ्याची गरज भासू लागली, तेव्हा नव्या कॅमेऱ्यांचे भाव ऐकून आम्ही जुन्याच्या शोधाला लागलो. अखेर बडोद्याच्या रावपुरा भागातील एका दुकानातून निकॉन डी७२०० ची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २४ हजार रुपयांना घेतली. चार महिन्यांच्या वापरानंतर तिच्या कामाला तो पुरून उरतो, असे मी निश्चित म्हणेन. तरीही या लिखाणाचा बराच भाग खरेदीपूर्वी दुकानात घालवलेल्या दीड तासाविषयी आहे, कारण जुन्या कॅमेऱ्याची खरी पारख तेथेच होते.

हा कॅमेरा २०१५ च्या मार्चमध्ये जाहीर झाला. त्यात प्रकाश टिपणारा २४.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, दोन एसडी कार्डे बसतात आणि तो सेकंदाला सहा फोटो काढतो. आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र शटरचा होता. निकॉनने या मॉडेलचे शटर दीड लाख वेळा उघडझाप करून तपासलेले आहे. शटर म्हणजे सेन्सरपुढचे दोन पातळ पडदे. पहिला सरकून प्रकाशाला वाट देतो, दुसरा मागून येऊन ती बंद करतो, आणि प्रत्येक फोटोगणिक ही धावपळ होते. दीड लाख ही काही हमी नव्हे. एखादे शटर त्याच्या कितीतरी पुढे जाते, एखादे अलीकडेच मान टाकते. तरीही जुन्या स्कूटरचे किलोमीटर पाहिल्यावाचून जसा आपण सौदा करत नाही, तसा हा आकडा पाहिल्यावाचून कॅमेऱ्याचाही करू नये.

दुकानदार सज्जन होते, पण त्यांनी दाखवलेला आकडा चुकीचा होता. कॅमेऱ्याच्या सेटअप मेन्यूत बॅटरी इन्फो उघडून त्यांनी ‘नंबर ऑफ शॉट्स’वर बोट ठेवले आणि म्हणाले, “ओछो वपरायेलो छे (कमी वापरलेला आहे) काका, जुओ ने, फक्त २१४!” ही संख्या बॅटरी शेवटची चार्ज केल्यापासून काढलेल्या फोटोंची असते, बॅटरी पुन्हा चार्ज केली की ती शून्यावर येते. फाइलच्या नावावरूनही काही कळत नाही, कारण डीएससी ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते आणि ती मेन्यूतून केव्हाही मागे नेता येते. दुकानदारांना हे ठाऊक नव्हते, असे माझे प्रामाणिक मत आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात अज्ञान आणि लबाडी यांचे दर सारखेच असतात, एवढे मात्र खरे.

आदल्या दिवशी मी त्यांच्याकडून एक फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला होता. तो आला, पण कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये शटरच्या आकड्यासकट जी माहिती लिहितो, ती सगळी वाटेतच गळून गेली होती. म्हणून स्वतःचे रिकामे कार्ड आणि लॅपटॉप घेऊन गेलो. दुकानाच्या पायरीवर उभे राहून रावपुरा टॉवरचा एक फोटो काढला, कार्ड लॅपटॉपमध्ये घातले आणि फाइल उचलून ही माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमच्या चिन्हावर सोडली. हा प्रोग्रॅम कॅनडातील फिल हार्वे यांनी २००३ पासून सांभाळला असून तो फुकट मिळतो. काळी विंडो उघडून शेकडो ओळी भराभर सरकतात. त्यात शटर काउंट या ओळीपुढे ६१३४७ असे होते. त्याच यादीतला सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून पाहिला. दुकानदार खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, “मग माझ्या कपाटातले बाकीचेही बघून द्या.”

निकॉनमध्ये ही सोय आहे, कारण तो प्रत्येक फोटोत ही संख्या लिहून ठेवतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत ती फोटोत नसते. यूएसबी केबलने कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने विचारावी लागते. कॅनन घ्यायचा असेल तर केबल विसरू नये.

कपाटातला दुसरा डी७२०० तपासला, तेव्हा खरी मौज आली. त्याचा आकडा होता ९ हजार आणि काही. भाव साहजिकच चार हजारांनी अधिक होता आणि मी त्याकडे झुकलोही होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, हॉट शू बघा ना.” फ्लॅश बसवण्याच्या त्या धातूच्या खाचेवरचा काळा रंग दोन्ही कडांना पार उडून आतली चंदेरी पट्टी चमकत होती. तळाशी ट्रायपॉडच्या भोकाभोवतीही तसेच घासलेले होते. नऊ हजार फोटोंत एवढी झीज होत नाही. हा कॅमेरा लग्नांतून आणि नवरात्रीत गरब्याच्या मैदानांतून फिरलेला असणार. आतला मुख्य सर्किट बोर्ड बदलला तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते, आणि शटर नवे बसवल्यावरही सर्व्हिस सेंटर आकडा शून्यावर आणू शकते. शिवाय तासभर व्हिडिओ काढला तरी या आकड्यात जेमतेम भर पडते, तेव्हा नऊ रात्री गरबा चित्रित करणाऱ्या कॅमेऱ्याचा आकडाही लहानच दिसेल. दुकानदारांना विचारले तर त्यांच्याकडे दुरुस्तीची पावती नव्हती. ६१ हजारांच्या कॅमेऱ्याचा हॉट शू जवळजवळ कोरा होता आणि कार्डाचे झाकणही घट्ट बसत होते. आम्ही तोच निवडला, आणि आजही तोच निर्णय घेईन.

शटरची एक चाचणी मात्र आकड्यापलीकडची आहे आणि ती कोणीही करू शकतो. भर दुपारी कॅमेरा निरभ्र आकाशाकडे करून एक अष्टसहस्रांश सेकंदाच्या वेगाने, म्हणजे या कॅमेऱ्याच्या कमाल वेगाने, काही फोटो काढावेत. एवढ्या वेगात पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा धावू लागतो आणि दोघांमधली अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. पडद्यांची चाल बिघडली असेल तर फोटोचा वरचा किंवा खालचा भाग अधिक काळवंडलेला दिसतो. आमच्या दहाही फोटोंत आकाश सारखेच होते. त्यानंतर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ २२ इतके बारीक करून पुन्हा आकाशच टिपले, तेव्हा डाव्या कोपऱ्यात धुळीचे तीन ठिपके आढळले. दुकानदारांनी सेन्सर साफ करून देण्याचे कबूल केले आणि शब्द पाळला.

भावाची बोलणी मी आकड्यावर केली. दुकानदारांनी २६,५०० सांगितले होते. दीड लाखांतले ६१ हजार, म्हणजे दोन पंचमांश, वापरून झाले आहेत हे त्यांनीही मान्य केले आणि २४ हजारांवर आले. बिलावर मी सिरियल नंबराखाली शटर काउंट लिहून घेतला. पूर्वी असे कोणी लिहून मागितले नव्हते, असे ते म्हणाले, पण हरकत घेतली नाही. दुकानाला माझ्याकडून चांगले गुण: माल तपासायला त्यांनी मोकळेपणाने दिला, शेजारी बसून शिकूनही घेतले. गैरसोय एवढीच की तेथे चाचणीला लेन्स एकच होती आणि तिचा फोकस अडखळत होता, त्यामुळे कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची खात्री घरी येऊनच करता आली.

परवा पुन्हा पाहिले, तेव्हा आकडा ६५,१०८ होता. मुलीचे वर्गातले काम, सूरसागर तलावाच्या काठावरच्या सकाळी आणि मामाच्या घरची मुंज, एवढ्यांत पावणेचार हजार फोटो झाले. मागच्या बाजूला अंगठा टेकतो तेथले रबर मात्र सुटू लागले आहे. ते चिकटवून आणायचे आहे.