पाहुणे सहाला येणार: पन्हं, कोकम, लिंबू की मठ्ठा?

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिना हाताशी असतो, म्हणूनच हळदीकुंकू लांबत जातं. शेवटी एका संध्याकाळी पंधरा-वीस जणी येणार असतात, दिवाणावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि कैऱ्या अजून पिशवीतच असतात. अशा वेळी प्यायला काय द्यायचं हे मी चवीवरून ठरवत नाही. शेवटचा तास कशात जाणार, ओट्यापाशी की हॉल आवरण्यात, यावरून ठरवते.

त्या हिशेबाने पन्ह्याला तोड नाही, पण एक अट आहे: ते आदल्या रात्री व्हायला हवं. वीस पेल्यांना, म्हणजे साधारण तीन लिटरला, तीन-चार मध्यम कैऱ्या पुरतात. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या, मग गर काढून तो गरम असतानाच गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ. गरम गरात गूळ आपोआप विरघळतो, गार झाल्यावर मात्र ढवळत बसावं लागतं. गुळात काड्या-कचरा निघतोच, तेव्हा गाळून घ्या. वेलची, चिमूटभर मीठ, असेल तर केशर, आणि बरणी फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गराच्या चौपट गार पाणी घातलं की झालं. ही बरणी आठवडाभर सहज टिकते, त्यामुळे ऐनवेळी पाच जणी जास्त आल्या तरी घाबरायला होत नाही. कच्ची कैरी किसून केलेलं पन्हं चवीला जास्त ताजं लागतं, हे मान्य. पण किसायचं, भिजवायचं, पिळायचं हे सगळं त्याच दुपारी करावं लागतं. वीस जणींसाठी मी त्या वाटेला जात नाही.

कोकम सरबत त्याहून सोपं, अर्थात बाटली घरात असेल तर. एक भाग अमृत कोकम, पाच-सहा भाग पाणी, वर जिरेपूड आणि मीठ. लहान मूलसुद्धा करील. घोटाळा होतो तो बाटल्यांचा. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं, आगळ मिठातलं. रंग दोघांचाही तोच. मी एकदा घाईत आगळ ओतलं आणि पहिल्याच घोटाला नणंदेचा चेहरा जो झाला, त्यानंतर बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. आगळ सोलकढीसाठी ठेवा. दुसरी अडचण डागांची. पायघड्यांसारखी पांढरी चादर अंथरून बायकांच्या हातात लाल सरबत देण्याची हौस असेल तर खुशाल द्या. आणि सरबत स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच कालवा. कोकमाच्या आंबटपणाला पितळ-अ‍ॅल्युमिनियम चालत नाही.

लिंबू सरबताला सगळे सोपं म्हणतात. चार पेल्यांना ते सोपं आहेच. वीस पेल्यांना दहा लिंबं पिळायची, बिया काढायच्या, गार पाण्यात साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, आणि हे सगळं अगदी शेवटी, कारण पिळून ठेवलेला रस काही तासांनी कडवटपणाकडे झुकतो. शिवाय ऐन उन्हाळ्यात लिंबं महाग. करायचंच असेल तर साखरेचा पाक सकाळी करून गार करून ठेवा, निम्मं काम वाचतं.

मठ्ठा जेवणाचा, जिलबीच्या शेजारचा. नुसत्या हळदीकुंकवाला मी करत नाही. दह्याचं पातेलं फ्रीजची अख्खी फळी अडवतं, आणि बाहेर राहिलं तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबटढाण.

आता घर. आवरण्याचे खरे प्रकार दोनच. पहिला गाठोड्याचा: जुनी चादर पसरायची, हॉलमधलं जे जे दिसेल ते तिच्यात टाकायचं आणि गाठ मारून बेडरूममध्ये. दहा मिनिटांत हॉल चकाचक. फक्त दोन गोष्टी विसरू नका. लाईटबिल, किल्ल्या, चष्मा, औषधं त्या गाठोड्यात गेली तर रात्री सगळं घर उपसावं लागतं; त्यांना वेगळा डबा. दुसरं, कुणाच्या तरी कडेवरचं बाळ झोपतं आणि "आत निजवू का गं?" असं विचारतच ती बेडरूमचं दार ढकलते. म्हणून गाठोडं पलंगावर न ठेवता पलंगाखाली किंवा बाल्कनीत.

दुसरा प्रकार म्हणजे खरंच आवरणं: रद्दी रद्दीवाल्याला, कपडे घड्या करून कपाटात, चपलांचा खच रॅकमध्ये. याला दोन-अडीच तास लागतात, आणि मधेच जुने फोटो सापडले तर विचारूच नका. समाधान जास्त मिळतं, पण पाहुण्यांना फरक कळत नाही. त्या हॉलमध्ये बसतात, हात धुवायला बेसिनपाशी जातात आणि मदतीच्या निमित्ताने ओट्यावर नजर टाकतात. एवढ्या तीन जागा लखलखीत असल्या की कपाटात काय कोंबलंय याची चौकशी कुणी करत नाही. बेसिनपाशी धुतलेला नॅपकिन मात्र हवाच, त्याची आठवण नेमकी पहिली बेल वाजल्यावर होते.

तेव्हा जोड्या अशा लागतात. आदली रात्र हाताशी असेल तर पन्हं, आणि मग दुपारी हवं तितकं नीट आवरा. सकाळी ठरलं असेल तर कोकम आणि मधला मार्ग: हॉल खराखुरा, बाकी गाठोडं. आणि "अर्ध्या तासात पोचतोय गं" असा फोन आलाच, तर लिंबू सरबत, कारण तेव्हा माणसं तीन-चारच असतात. लिंबं एकाने पिळायची, चादरीला गाठ दुसऱ्याने मारायची. बर्फ मात्र या दिवसांत रोज सकाळीच लावून ठेवा, म्हणजे तिन्ही वेळा हाताशी असतो. ट्रेमधलं पाणी गोठायला तीन-चार तास घेतं, त्याला पाहुण्यांची घाई नसते.