ओटीटी ॲपवरचा 'स्त्रीप्रधान सिनेमे' विभाग, दोन महिने बघून झाल्यावर

गेले दोन महिने मी आणि आई आम्ही दोघी एका ओटीटी ॲपवरचा 'स्त्रीप्रधान सिनेमे' हा विभाग बघतोय. रात्री जेवणं आवरली की एक सिनेमा, नाहीतर अर्धा, आईचे गुडघे किती वेळ बसू देतात त्यावर. ॲपचं नाव लिहीत नाहीये कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये, पण पैसे भरून घेतलेली सेवा आहे आणि विभागाच्या वर मोठ्या अक्षरात 'भारतीय सिनेमातल्या स्त्रीचा प्रवास' असं लिहिलंय, तर तो प्रवास कसा दाखवलाय हे सांगायलाच पाहिजे.

आधी मुख्य तक्रार. पोस्टरवर बाई दिसली की सिनेमा स्त्रीप्रधान, असं काहीतरी सरसकट केलेलं दिसतंय. पहिल्याच आठवड्यात आम्ही एक सिनेमा लावला, त्यात हिरो पहिला तासभर त्या मुलीच्या मागे फिरतो, कॉलेजच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत, मित्रांबरोबर पैज लावतो, ती तीनदा नाही म्हणते आणि इंटरव्हलच्या आधीच्या गाण्यात हसते, झालं प्रेम. आई मधेच म्हणाली, "अगं, ही शिकते काय?" मी म्हटलं थांब, कळेल पुढे. शेवटपर्यंत बसलो आम्ही, नाही कळलं. तिच्या हातात वही होती दोन-तीन सीनमध्ये, पण कसली वही ते सिनेमा लिहिणाऱ्यालाच माहीत नसावं. तिला एकही मैत्रीण अशी नव्हती जिच्याशी ती हिरो सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलते. आणि जी मुलगी नाही म्हणतेय तिच्या नाहीचा अर्थ हो असतो हे इतकी वर्षं आपल्या पोरांना थेटरात शिकवलं गेलंय, त्याचा त्रास बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीने काढलाय, मीपण काढलाय, त्यामुळे असा सिनेमा 'स्त्रीप्रधान' पाटीखाली बघितल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आईचा तो प्रश्नच आमचा नियम झाला. प्रत्येक सिनेमाला विचारायचं, ही करते काय?

आता चांगलं सांगते, कारण या विभागात सोनं पण आहे. 'उंबरठा' आहे, जब्बार पटेलांचा, 1982 चा. स्मिता पाटीलची सुलभा करते काय याचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासात मिळतं, तिला काम करायचंय, घरात सगळं असून करायचंय, आणि ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दुसऱ्या गावी जाते, मुलीला मागे ठेवून. आईने हा सिनेमा तेव्हा थेटरात बघितलेला. ती म्हणाली, "तेव्हा मला सुलभाचा राग आला होता, पोरीला टाकून गेली म्हणून." आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. यावेळी राग आला का ते मी विचारलं नाही. या सिनेमात सुलभाला देवी केलेलं नाहीये ते मला फार आवडतं, ती चुकते, चिडते, आश्रमातल्या बायका तिचं ऐकतातच असं नाही, आणि शेवटी ती घर सोडून निघते तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

'कुंकू' पण सापडला, प्रभातचा, शांतारामबापूंचा, 1937 चा. नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. 1937 साली! शांता आपटेचा आवाज आणि ते डोळे, म्हाताऱ्याचा वयात आलेला मुलगा नको तसं वागायला लागतो तेव्हा ती काठी घेऊन त्याला झोडपते, तेवढा सीन आम्ही परत मागे नेऊन बघितला. पण हा सिनेमा विभागाच्या पार तळाला, म्हणजे बोटाने सरकवत सरकवत जायचं तेव्हा दिसणार, आणि प्रिंट इतकी अंधारी की चेहरे ओळखायला टीव्हीचा ब्राइटनेस वाढवावा लागला. वर्णनात एकच ओळ, 'जुना कौटुंबिक सिनेमा'. ज्याने हे लिहिलं त्याने बहुतेक दहा मिनिटंही बघितला नसणार.

प्रवास म्हणायचं तर तो 1913 पासून दाखवा ना. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी ती भूमिका केली, आणि लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. 1935 ला स्टंट करणारी नटी नादिया 'हंटरवाली'त चाबूक घेऊन घोड्यावरून दौडत होती. यातलं एक अक्षर या विभागात नाही. विभाग बघितला तर असं वाटेल की बाईने बोलायला सुरुवात केली ती गेल्या दहा-बारा वर्षांत.

रडव्या सिनेमांबद्दल पण लिहायला हवं. 'माहेरची साडी' (1991) या यादीत आहे आणि काही लोकांना तो इथे बघून राग येईल, सोसणारी सून, छळणारी सासू, मला पण पटत नाही ते. पण आई सांगत होती की आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून गेल्या होत्या, पदर ओले करून आल्या, आणि परत येताना रस्त्यात पहिल्यांदाच एकमेकींना आपापल्या घरातलं सांगितलं. तेव्हा त्या सिनेमाला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार एवढीच की अलका कुबलच्या त्या सुनेला सोसण्यापलीकडे कुठे जायलाच जागा ठेवली नाही, आणि तसेच सिनेमे नंतर वर्षानुवर्षं छापल्यासारखे निघत राहिले.

थंबनेलचा विषय वेगळाच. एका सिनेमात नायिका पोलीस अधिकारी आहे, सगळ्या सिनेमात युनिफॉर्ममध्ये, आणि ॲपने चित्र कुठलं लावलंय तर पाहुण्या नर्तिकेच्या चार मिनिटांच्या गाण्यातलं, ते पण मान कापून, कमरेपासून. म्हणजे ज्या बाईचा सिनेमा आहे तिचा चेहराच नाही. मी ॲपमधून तक्रार पाठवली, दोनदा. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' एवढंच उत्तर आलं आणि चित्र अजून तेच आहे. माझी भाची नववीत आहे, ती पण याच अकाउंटवरून बघते, तिच्यासमोर हा विभाग उघडायला मला नको वाटतं, आणि हा विभाग तर तिच्यासाठीच असायला हवा होता.

सबटायटल मराठीत नाहीत. हे मराठी माणसांकडून पैसे घेणारं ॲप आहे, तरी मल्याळम, तमिळ सिनेमांना फक्त इंग्रजी. आईला इंग्रजी येत नाही त्यामुळे मी शेजारी बसून वाचून सांगते. 'द ग्रेट इंडियन किचन' असाच बघितला, जियो बेबींचा, 2021 चा. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य सांगत होते, मग लक्षात आलं की सांगायची गरजच नाहीये. चिरणं, वाटणं, ढवळणं, पुसणं, परत चिरणं. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, चटणी पाट्यावरचीच हवी, टेबलावर शेंगांचा चोथा तसाच टाकून पुरुष उठतात आणि मग बायका त्याच टेबलावर जेवायला बसतात. सिंकखालचा पाइप गळतोय, ती नवऱ्याला सांगते प्लंबर बोलवा, तो विसरतो, परत सांगते, परत विसरतो, ती खाली गोणपाट टाकते, बादली ठेवते, त्या घाण पाण्याचा वास हाताला येतो म्हणून हात हुंगून बघते.

आई म्हणाली, "आपल्याकडे डालड्याचा डबा होता."

मला आठवला तो डबा. पिवळा, मोरीच्या नळाखाली, रोज रात्री झोपायच्या आधी आई तो ओतायची. मला वाटायचं डबा तिथलाच आहे, कायमचा. किती वर्षं होता विचारलं तर म्हणाली, "तू पाचवीत होतीस तेव्हापासून, दहावीला पाहुणे येणार होते तेव्हा बदलला पाइप." मग आमचा तो नियम मी तिलाच लावला, या सिनेमातली करते काय? आई म्हणाली, "दिवसभर दिसतंय की." बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात आई कायम 'काही नाही' लिहिते, मी गृहिणी लिही म्हटलं तरी.

त्यानंतर मुद्दाम हलका म्हणून 'लापता लेडीज' लावला, किरण रावचा, 2024 चा. स्टेशनवरच्या टपरीवाल्या मंजू माई हरवलेल्या नवरीच्या, फूलच्या हातात तिच्या कमाईचे पैसे ठेवतात, आयुष्यातले पहिले, आणि ती पोर त्या नोटांकडे बघत राहते. तेवढ्या जागेवर आईने मला सिनेमा थांबवायला सांगितला, पाणी प्यायला जाते म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने आली.

तर विभागाला पाचपैकी अडीच. सिनेमांसाठी मी चार दिले असते, पण मांडणी, थंबनेल, सबटायटल आणि वर्णनं यासाठी इतके कापावेच लागले. घ्यायचं असेल तर त्यांच्या यादीवर जाऊ नका, सिनेमाचं नाव टाकून शोधा, तळापर्यंत सरकवा, जुनं मराठी तिथे आहे. सबस्क्रिप्शन वर्षाचं न घेता मी तीन महिन्यांचं वाढवलंय, तेही आईसाठी, तिला 'कुंकू' परत बघायचाय, यावेळी मावशीला बोलावून.