थंडीत इंजिन जागेवर गरम करावं, की लगेच निघावं?

एका मित्राला प्रश्न पडला होता: थंडीत सकाळी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून मग निघावं, की अर्ध्या मिनिटात निघून सुरुवातीला हळू चालवावं?

इंधनाचा हिशेब सरळ आहे. उभी गाडी अंतर कापत नाही, पेट्रोल मात्र जाळते.

झिजेचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि गैरसमजही इथेच आहे. ऑइल सगळीकडे पोहोचायला बराच वेळ लागतो असं वाटतं, पण ते काही सेकंदांतच पोहोचतं. थंड इंजिनला जादा पेट्रोल लागतं, त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. जागेवर इंजिन हळूहळू तापतं, म्हणून ही अवस्था लांबते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंग, टायर हे चालवल्याशिवाय नीट गरम होत नाहीत. लगेच निघालात तर पहिली पाच-दहा मिनिटं अॅक्सिलरेटर जोरात दाबू नका, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) असेल तर मुळीच नाही.

आरामात पहिला पर्याय जिंकतो: केबिन थोडी उबदार मिळते. पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो.

फ्युएल इंजेक्शनची (इंधन मोजून फवारणारी) गाडी असेल तर अर्ध्या मिनिटात निघा. जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणाऱ्या) गाडीला मात्र दोन-चार मिनिटं द्यावीच लागतात, नाहीतर ती वाटेत बंद पडते. काचेवर बर्फ असेल तर काच पूर्ण साफ होईपर्यंत थांबा, गाडी कुठलीही असो. आणि तापमान उणे २० अंशांखाली जात असेल, तर रात्री विजेचा ब्लॉक हीटर (बंद इंजिन गरम ठेवणारं उपकरण) लावणं या दोन्हींपेक्षा चांगलं.