नैरोबीत हॉटेल: सीबीडी की वेस्टलँड्स?

मिड-रेंज बजेट असेल तर सीबीडीत (शहराच्या मध्यवर्ती बिझनेस भागात) रेट जरा कमी, केआयसीसी (कॉन्फरन्स सेंटरची उंच इमारत), नॅशनल अर्काइव्ह्ज, सिटी मार्केट सगळं चालत जाण्याइतकं जवळ, पण मटाटूंचे (तिथल्या खासगी मिनीबसचे) हॉर्न नि गाणी रात्री उशिरापर्यंत, म्हणून रूम मागच्या बाजूचीच मागा, आणि अंधार पडल्यावर दोन चौक जायचं असलं तरी उबर करा. वेस्टलँड्स (सीबीडीबाहेरचा भाग) महाग पडतं, तरी मी तेच घेईन. सरित सेंटर मॉल जवळ, शेजारच्या पार्कलँड्समध्ये गुजराती व्हेज जेवण मिळतं (आई-बाबा सोबत असतील तर विषयच संपला!), आणि २०२२ मध्ये एक्सप्रेसवे झाल्यापासून टोल भरून एअरपोर्टवरून डायरेक्ट येता येतं. एसी नसला तर दोन्हीकडे चालतं, शहर जवळपास १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत उलट स्वेटर लागतो.