कोबोकलेक्ट: एका कोयत्याचा हिशेब

ग्रामीण सर्वेक्षणासाठी कोबोकलेक्ट हे अँड्रॉइड अ‍ॅप आमच्या गटाने तीन वर्षे वापरले आहे. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या ओपन डेटा किट या मुक्त प्रणालीवर ते उभे आहे. दिवसभर वस्तीवर अर्ज भरायचे आणि रात्री तालुक्याच्या गावी रेंज मिळाली की एकदम पाठवायचे, ही त्याची सर्वांत मोठी सोय. 'जमीन नाही' असे उत्तर आले की पिकांचे प्रश्न आपोआप वगळले जातात, देवनागरीही नीट उमटते.

कसोटी लागते ती उत्तर अपेक्षेबाहेरचे आले की. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर, मे महिन्यात, 'घरात माणसे किती?' या पहिल्याच प्रश्नाला एका बाईंनी उत्तर दिले, "दसऱ्यानंतर म्हातारी अन् दोन लेकरं, पाडव्याला आम्ही आलो की पाच." अर्जात जागा एकाच आकड्याची होती. पुढे प्रत्येकाची मजुरी वेगळी विचारली, तर त्या म्हणाल्या, "उचल कोयत्यावर मिळते." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम, म्हणजे मजूर नेणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती त्या जोडीला, त्यामुळे बाईच्या वाट्याची वेगळी मजुरी सांगता येण्याजोगी नव्हतीच. सर्वेक्षकाने रक्कम निम्मी करून दोन रकान्यांत भरली, अ‍ॅपने अर्ज पूर्ण मानला, आणि त्या दिवशी कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट तिथेच पुसली गेली.

दोष अ‍ॅपचा नव्हे, आमचा. एक्सेलमध्ये अर्ज बांधताना प्रत्येक प्रश्न सक्तीचा करण्याचा आणि प्रत्येक आकड्याला कमाल-किमान मर्यादा घालण्याचा मोह आम्हालाच आवरला नाही. अनपेक्षित आणि विसंगत माहितीतून नवा सिद्धांत सुचू शकतो, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी मांडले होते. आमच्या अर्जात मात्र विसंगती म्हणजे दुरुस्त करण्याची चूक.

पुढच्या फेरीत सदस्यसंख्या हंगामातली आणि हंगामानंतरची अशी दोनदा विचारली, मजुरीत 'जोडीला एकत्र' हा पर्याय घातला आणि शेवटी, संमती घेऊन, ध्वनिमुद्रणाचा प्रश्न जोडला. ही सोय उत्तम आहे, कारण फोनवर लांबलचक मराठी टंकण्याचा कंटाळा करून सर्वेक्षक 'इतर' या रकान्यात एखादाच शब्द टाकतात. मात्र मुद्रणे ऐकून उतरवून घ्यायला माणूस लागतो आणि कमकुवत रेंजवर ती पाठवायला वेळही लागतो. म्हणून पिशवीत आम्ही अजूनही दोनशे पानी वही ठेवतो, आणि 'कोयता' हा शब्द तिच्यात पहिल्याच पानावर आहे.