पहिली मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर: .३५७, .४४ की .४५ कोल्ट?

पहिल्यांदा .४४ मॅग्नम हातात घेतली ती रेंजवर भाड्याने, सहा इंची नळीची स्मिथ अँड वेसन ६२९. काउंटरवरच्या बाबाने विचारलं स्पेशल देऊ का मॅग्नम, मी अर्थात मॅग्नम म्हटलं, एवढी गाडी हाकत आल्यावर साधी गोळी कोण उडवणार. पहिली कागदावर बसली. दुसरीला डोळे आपोआप मिटले. पाचवीपर्यंत अशी अवस्था की बार व्हायच्या आधीच नळी खाली झुकायची आणि गोळी टार्गेटच्या खालून पार. दोन सिलेंडर (गोळ्यांचं फिरतं चाक, सहा घरांचं), म्हणजे बारा गोळ्या, कसेबसे संपवले आणि पन्नासच्या बॉक्समधल्या अडतीस गोळ्या तशाच घरी आणल्या.

हे आधीच सांगतोय कारण टेक्सासमधल्या आपल्या लोकांमध्ये हा प्रश्न सारखा येतो. घरी एक .२२ असते किंवा नाईन एमएम असते, ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप झालेली असते, आता "काहीतरी मोठं" घ्यायचंय आणि रिव्हॉल्व्हरच घ्यायचीय कारण तिच्यात एक मजा आहे. मग नेटवर बघून बघून डोकं गरगरायला लागतं. माझा निकष एकच आहे, ही घेतली तर दुसरा बॉक्स उडवावासा वाटेल का? पहिला बॉक्स काय, हौसेने कोणीही उडवतो.

व्हिसावाल्यांसाठी एक गोष्ट आधी. एच-वन वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, रेंजवर भाड्याने घेतलेली सुद्धा त्यात धरतात. हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, पण ते मित्राने सांगितलं म्हणून करू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना तो प्रॉब्लेम नाही, डीलरकडे ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. टेक्सासात त्यावर राज्याचं वेगळं परमिट लागत नाही, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं, न्यू जर्सीत आधी परमिट काढा मग दुकानात जा. गावाकडे निवडणूक लागली की लायसन्सवाले आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात हे बघत मोठे झालेल्या माणसाला इथलं दुकान पहिल्यांदा बघून जरा गरगरतंच.

तर .३५७ मॅग्नम. १९३५ ची आहे, अडतीस स्पेशलची पुंगळी (बार झाल्यावर मागे उरणारं पितळी नळकांडं) थोडी लांब करून बनवलेली, त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस स्पेशल बिनधास्त चालते. उलटं मात्र नाही हं, अडतीसच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ घालायची नाही. आता काही जण म्हणतील .३५७ ही मोठी बोअरच, म्हणजे रुंद नळीचीच, नव्हे, बुलेटची जाडी तर नाईन एमएमएवढीच की. बरोबर आहे. जाडीने ती मोठी नाहीच, पण १५८ ग्रेनची बुलेट, म्हणजे तोळ्याला थोडी कमी, साधारण १२०० ते १२५० फूट सेकंदाने जाते आणि एनर्जी पाचशे फूट-पाउंडच्या वर. तीच बुलेट अडतीस स्पेशलमध्ये साडेसातशेच्या आसपास चालते, एनर्जी दोनशे. म्हणजे एकाच बंदुकीत दोन बंदुका, सकाळी अडतीसच्या दोनशे उडवा आणि शेवटी बारा मॅग्नम उडवून घरी जा.

यात माझ्या मते घ्यायच्या दोनच, स्मिथची ६८६ आणि रुगरची जीपी१००. दोन्ही चार इंचीत साधारण चाळीस औंस, म्हणजे सव्वा किलोला थोडी कमी. ६८६ चा ट्रिगर डब्यातून काढल्या काढल्या मऊ असतो, जीपी१०० चा थोडा खरखरीत, पण हजारेक गोळ्या गेल्या की तोही सरळ येतो. जीपी१०० ला साईड प्लेट (फ्रेमच्या बाजूचं झाकण) नाही, फ्रेम सलग, ट्रिगरचा सगळा संच खालून निघतो, साफ करायला सोपी आणि बांधा बैलासारखा. ६८६ ला डाव्या बाजूला, सिलेंडर उघडायच्या लॅचच्या वर, आतल्या कुलपाच्या किल्लीचं ते भोक असतं, त्यावरून लोक इतकं भांडतात की बास, मला नेम धरताना ते दिसत पण नाही. लॅच स्मिथचा पुढे ढकलायचा, रुगरचा आत दाबायचा, कोल्टचा मागे ओढायचा, दुकानात तिन्ही हाताळून बघा, अंगठा लहान असेल तर फरक पडतो. कोल्टची पायथन २०२० पासून परत मिळायला लागलीय, सुंदर आहे यात वादच नाही, पण त्या पैशात जीपी१०० येऊन वर पोतंभर ॲमो, म्हणजे गोळ्या, येतं.

एक किरकोळ कटकट म्हणजे अडतीसची पुंगळी आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये (सिलेंडरमधल्या गोळीच्या घरात) पुढे काजळीचं कडं धरतं, मग मॅग्नम घालताना अडकते. ब्रश मारला की जातं. आळस केला की मग हातोडी शोधायची वेळ येते, तसलं काही करू नका.

आता .४४ मॅग्नम, जिच्यासाठी बहुतेकांनी हा लेख उघडला असणार. १९५५-५६ ची, एल्मर कीथ नावाच्या आयडाहोच्या काऊबॉय-शिकाऱ्याने वर्षानुवर्षं .४४ स्पेशलमध्ये दारू वाढवत वाढवत कंपन्यांच्या मागे लागून ती करायला लावली. २४० ग्रेनची बुलेट, सव्वा तोळ्याहून जास्त वजन, तेराशे-साडेतेराशे फूट सेकंद. एनर्जी साडेनऊशेच्या घरात, .३५७ च्या पावणेदोनपट. पण हाताला बसणारा धक्का त्याहून जास्त वाढलेला वाटतो, सारख्या वजनाच्या दोन बंदुका पाठोपाठ उडवून बघा. आणि आवाज! इनडोअर रेंजवर शेजारच्या लेनमधला .४४ वाला सुरू झाला की तुमचं स्वतःचं शूटिंग बंद पडतं. कानात फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही लावायचं, एकावर भागवायचं नाही.

तरी मी .४४ ला वाईट म्हणणार नाही, कारण तिच्यातही स्पेशल चालते. .४४ स्पेशल १९०७ ची, जुनी साधी फॅक्टरी गोळी २४६ ग्रेनची साडेसातशे फूट सेकंदाने, आणि जड बंदुकीत ती उडवली की धप्प असा आवाज, हातात एक हळू ढकलल्यासारखं, कागदावर भलंमोठं भोक. मोठ्या बोअरची खरी मजा मला तिथे कळली. मॅग्नम म्हणजे मिसळीचा कट, चव येते, पण वाटीभर कट नुसता कोण पितो.

अडचण पैशाची आहे. .४४ स्पेशल सगळीकडे मिळत नाही, मिळाली तर कधी कधी मॅग्नमपेक्षा महाग असते, कारण खप कमी. फॅक्टरी .४४ मॅग्नम गोळीला एक डॉलर किंवा वर धरा, अडतीस स्पेशल साधारण निम्म्यात पडते. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन शंभर-शंभर उडवणार असाल तर वर्षाला २४०० गोळ्या, गुणाकार स्वतः करा आणि मग घरी सांगा. यावर उपाय म्हणजे पुंगळ्या जपून ठेवून घरी रिलोडिंग करणं, म्हणजे त्याच परत भरणं. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या सरळ भिंतीच्या असतात, कार्बाइड डाय (पुंगळी परत मापात आणायचा साचा) घेतली की वंगण पण लावावं लागत नाही, आणि पुंगळ्या गवतात शोधत फिरायला नको, सगळ्या सिलेंडरमध्येच राहतात. पण तो एक वेगळा छंद आहे, मॅन्युअल समोर ठेवून, लक्ष देऊन करायचा. वेळ नसेल तर .४४ च्या नादी जरा उशिराच लागा.

.४४ मध्ये घ्यायचीच तर जड घ्या. ६२९ सहा इंची, पंचेचाळीस औंस, ट्रिगर झकास. रुगरची सुपर रेडहॉक साडेसात इंची, त्रेपन्न औंस म्हणजे दीड किलो, दिसायला अगदी पहारीसारखी, पण रबरी ग्रिप आणि वजन मिळून धक्का गिळून टाकते, हिच्यावर पैसे जास्त जातात पण मनगट वाचतं. स्मिथची ती ३२९ म्हणून हलकी आहे ना, पंचवीस औंसची, दुकानात उचलून "अरे वा" म्हणाल आणि रेंजवर पहिल्या बारानंतर परत काउंटरकडे बघाल. ती अलास्कात अस्वलांच्या मुलखात दिवसभर कमरेला लावून चालणाऱ्यांसाठी आहे, जी वापरावी लागू नये अशी प्रार्थना करत बाळगायची. शिवाय हलक्या बंदुकीत जोरदार धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली बुलेट पुंगळीतून हळूहळू पुढे सरकते आणि सिलेंडर जाम होतो.

तिसरी .४५ कोल्ट, १८७३ ची, म्हणजे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला त्याच वर्षीची. प्रेशर बघा, .४४ मॅग्नमची कमाल मर्यादा ३६,००० पीएसआय आणि .४५ कोल्टची १४,०००. अडीचशे ग्रेनची बुलेट साडेआठशेच्या आसपास, चारशे फूट-पाउंड. धक्का कमी नसतो पण तो टोचत नाही, ढकलतो. रुगरची ब्लॅकहॉक सिंगल ॲक्शन घ्या, त्यातही कन्व्हर्टिबल मिळते, म्हणजे सोबत दुसरा सिलेंडर येतो ज्यात .४५ एसीपी, म्हणजे पिस्तुलाची .४५ गोळी, चालते, आणि एसीपी कुठल्याही दुकानात मिळते, .४५ कोल्टपेक्षा बरीच स्वस्त. हे फार कमी जण सांगतात. एक काळजी मात्र घ्यायची, बाजारात "फक्त रुगरसाठी" म्हणून जास्त प्रेशरच्या .४५ कोल्ट गोळ्या मिळतात, त्या जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या इटालियन नकलांमध्ये चुकूनही घालायच्या नाहीत.

सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, एकेक गोळी बाजूच्या फटीतून भरायची, एकेक पुंगळी दांडीने ढकलून काढायची. काहींना हा वैताग वाटतो. मला वाटतं पहिल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरला हा वेग बरोबर आहे, दोन बारांच्या मध्ये विचार करायला वेळ मिळतो आणि ॲमोही पुरतं. नांगराच्या मुठीसारखा तिचा दस्ता धक्क्याला हातात वर फिरतो, धक्का तळहातात न साचता निघून जातो. रुगरच्याच .४४ वाल्या सुपर ब्लॅकहॉकचा मागून चौकोनी ट्रिगर गार्ड मात्र मधल्या बोटाचं हाड सोलतो, माझं सोललंय. १९७३ च्या आधीची जुनी रुगर मिळाली तर घोड्याखालचं चेंबर रिकामं ठेवायचं, म्हणजे पाचच भरायच्या, नंतरच्यांना ट्रान्सफर बार आहे, चाप ओढल्याशिवाय बार होऊ न देणारी पट्टी.

घरात पटकन गोळ्या उडवता यायला पाहिजेत, वेळ आली तर घरच्यांनी पण चालवायचीय, असं असेल तर मात्र सिंगल ॲक्शन नको, सरळ डबल ॲक्शन (नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो अशी) .३५७. आणि पोरं असतील तर लॉक बॉक्स त्याच बिलात घ्या, नंतर बघू म्हणायचं नाही. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर तो गुन्हा आहे. उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, त्यांना कपाटं आवरायची सवय असते, तेही धरून चाला.

सेकंडहँड घेताना आधी सिलेंडर उघडून रिकामा आहे बघा, दुकानदाराने आत्ता दाखवला असला तरी. मग बंद करून सिलेंडर पुढे-मागे हलवा, जास्त खुळखुळ नको. घोडा पूर्ण मागे आला की प्रत्येक चेंबर नीट कुलूप लागल्यासारखं बसलं पाहिजे. नळी आणि सिलेंडरच्या फटीतून गरम गॅस निघतो, म्हणून अंगठा किंवा दुसरा हात तिथे पुढे न्यायचा नाही, ऑटोमॅटिकवाल्यांना ही सवय मोडावी लागते.

डोळे मिटायची ती माझी सवय कशी गेली तर मित्राने सिलेंडरमध्ये मला न दाखवता तीन खऱ्या आणि तीन डमी गोळ्या भरून दिल्या. डमीवर चाप ओढला की नळी कशी खाली डुबकी मारते ते सगळ्यांना दिसतं, फार लाज वाटते. चार रविवार हे केलं, सगळं स्पेशलवर, तेव्हा कुठे मॅग्नम परत कागदावर बसायला लागली.

अजून एक, रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती घेऊन भारतात जाऊ नका. खिशाच्या कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई एअरपोर्टच्या स्कॅनरवर दिसलं की आर्म्स ॲक्टची केस, "चुकून राहिलं" हे मग कोर्टात सांगत बसायचं.

मला विचाराल तर ज्याला एकच घ्यायचीय त्याने चार इंची .३५७, ज्याच्याकडे अडतीस उडवायला आधीच काहीतरी आहे आणि रिलोडिंगची तयारी आहे त्याने जड .४४, आणि ज्याला नुसतं रविवारी निवांत धप्प-धप्प करायचंय त्याने कन्व्हर्टिबल ब्लॅकहॉक. .४५४ कॅसुल आणि २००३ मध्ये आलेली स्मिथची .५०० यांच्याबद्दल पहिली म्हणून विचारूच नका, मित्राची असेल तर एक गोळी उडवा, फोटो काढा, परत द्या.

हा लेख ज्याच्यामुळे लिहिला तो सहा महिने .४४ वर अडून बसला होता. शेवटी जीपी१०० घेतली, चार इंची. परवा त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा म्हणाला अडतीसच्या आठशे झाल्या, मॅग्नमचा बॉक्स अजून उघडला नाही.